कानापुढची जागा

मनोविकाराच्या औषधांची फाईल वर्षागणिक जाड होत जाते आणि तिच्यात कुठेतरी मेंदूच्या आलेखाचा, म्हणजे इईजीचा एक कागद असतो. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं: आलेख नॉर्मल. घरचे तो कागद पुढच्या प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवतात. 'मेंदूत काही नाही, म्हणजे मनाचंच आहे' असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावलेला असतो. तो आलेख किती वेळ काढला होता, रुग्ण जागा होता की झोपलेला, इलेक्ट्रोड नेमके कुठे लावले होते, हे प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. अपस्मार आणि मनोविकार यांच्या सीमेवर अडकलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य बऱ्याचदा याच तीन प्रश्नांवर ठरतं.

बेळगाव शहराच्या दक्षिणेचं अनगोळ घ्या. चौथं रेल्वे गेट, एका अंगाला येळ्ळूरकडची भातशेती, दुसऱ्या अंगाला उद्यमबागेतले कारखाने. या कारखान्यांत लेथवर काम करणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण डोळ्यांपुढे आणू. हा कल्पनेतला आहे, पण त्याची लक्षणं मेंदूविकाराच्या कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात भेटतात. काम करता करता त्याला एकाएकी भीती दाटून येते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. तो थिजतो, ओठ चाटतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो. दीड-दोन मिनिटांत सगळं ओसरतं आणि मधलं त्याला काही आठवत नाही. वर्षातून एखाद्या वेळी असे झटके पाठोपाठ येतात, मग एक-दोन दिवस तो बरा असतो आणि त्यानंतर आठवडाभर भलतंच बोलतो, कुणीतरी मागावर आहे म्हणतो.

घरच्यांना आधी 'बाहेरचं' वाटतं. देवदेवस्की होते, सौंदत्तीची वारी होते. पुढे कुणीतरी धारवाडला न्यायला सांगतं. तिथलं जुनं मानसिक रुग्णालय आज डिम्हान्स या नावाने ओळखलं जातं आणि बेळगाव जिल्ह्यातल्या कित्येक कुटुंबांना ती वाट पाठ आहे. निपाणीकडचे लोक जवळ म्हणून कोल्हापूर गाठतात, काही मिरजेला उतरतात. कुठेही गेलं तरी निदान 'पॅनिक' किंवा 'सायकोसिस' होण्याची शक्यता मोठी असते, कारण डॉक्टरांना दिसतो तो घाबरलेला, संशयी झालेला माणूस. हातपाय झाडणारी, तोंडाला फेस आणणारी फिट त्याला कधी आलेलीच नसते.

शेजारी राहिलेले दोन आजार

या दोन आजारांचा शेजार फार जुना आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात सातवा अध्याय उन्मादाचा आणि आठवा अपस्माराचा. चिकित्सास्थानातही नववा उन्मादाचा आणि दहावा अपस्माराचा. एकामागोमाग एक, तरीही स्वतंत्र. एवढं भान आपल्या कायद्याला मात्र विसाव्या शतकातही राहिलं नव्हतं. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांशेजारी अपस्मारालाही बसवलं आणि लग्नाच्या आड येणारं कारण ठरवलं. तो शब्द निघायला १९९९ साल उजाडलं. कायद्यातून निघाला तरी सोयरिकीच्या बैठकीतून अजून निघालेला नाही. म्हणूनच पुण्यात यशोदा वाकणकर यांनी सुरू केलेल्या 'संवेदना फाउंडेशन'सारख्या स्वमदत गटाला अपस्मार असलेल्यांच्या लग्नांचंही काम हाती घ्यावं लागलं.

या शेजाराची एक चांगली बाजूही आहे. कर्नाटकात बंगळूरच्या निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात जो प्रयोग केला, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना सायकोसिस आणि अपस्मार दोन्हींवर उपचार करायला शिकवलं गेलं. पुढे देशभर गेलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पाया तोच. खेड्यात मेंदूविकारतज्ज्ञ नसतो, तिथे दोन्ही आजार एकाच माणसाच्या टेबलावर येतात. त्या टेबलावर ते वेगळे कसे ओळखायचे, हा खरा प्रश्न आहे.

मनाचा शोध घेणारं यंत्र

इईजी यंत्राचा जन्म मनोविकारशास्त्रातच झाला. जर्मनीतल्या येना इथले हान्स बर्गर हे मनोविकारतज्ज्ञ होते. मनाच्या व्यापाराला काही भौतिक, मोजता येण्याजोगी ऊर्जा असावी, या ध्यासाने ते अनेक वर्षं झपाटले होते. १९२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत-आलेख घेतला आणि पाच वर्षं स्वतःलाच पुन्हा पुन्हा तपासून १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मन काही त्या आलेखात सापडलं नाही. सापडला तो अपस्मार. १९३० च्या दशकात बोस्टनमध्ये फ्रेडरिक गिब्ज, एर्ना गिब्ज आणि विल्यम लेनॉक्स यांनी मुलांच्या 'हरवण्याच्या' झटक्यात सेकंदाला तीन या ठेक्याने येणाऱ्या लहरी दाखवल्या आणि या आजाराला पहिल्यांदा कागदावर रूप मिळालं.

इलेक्ट्रोड कुठे लावायचे यावर मात्र प्रत्येक प्रयोगशाळेचा आपला कायदा होता. मॉन्ट्रियलच्या हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडलेली 'दहा-वीस' पद्धत हळूहळू जगाने स्वीकारली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मोजायचं, त्या लांबीच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या. डोकं लहान असो वा मोठं, खुणा मेंदूच्या त्याच भागांवर येतात. एकूण एकवीस जागा: डोक्यावर एकोणीस आणि दोन कानांच्या पाळ्या. मुंबई असो वा बेळगाव, नेहमीचा इईजी अजूनही बहुतेक ठिकाणी याच जागांवर होतो.

पद्धत उत्तम आहे, पण तिच्या खुणा डोक्याच्या वरच्या गोलाईवर आहेत. मेंदू खालीही आहे.

कवटीबाहेर काय पोचतं

कवटीवर पोचणारा मेंदूचा विद्युत-दाब साधारण दहा ते शंभर मायक्रोव्होल्ट असतो, म्हणजे एका व्होल्टचे काही लाखांश. मेंदूभोवतीचं पाणी, कवटीचं हाड आणि वरची कातडी वाटेतच तो क्षीण करतात. वडगाव-खासबागेच्या गल्लीत एखाद्या बंद घरातला एकच यंत्रमाग सुरू असेल तर रस्त्यावर ऐकू येत नाही, ओळीतल्या दहा घरांचे माग एका तालात लागले की चौकात ऐकू येतात. मेंदूचंही तसंच. मेंदूच्या वरच्या थराचा, म्हणजे बाह्यकाचा किमान सहा, बरेचदा दहा चौरस सेंटिमीटरचा पट्टा एकाच वेळी पेटला, तरच टाळूवरच्या इलेक्ट्रोडला स्पाइक, म्हणजे अणकुचीदार लहर, दिसते.

मोठ्या माणसांच्या अपस्मारात सर्वाधिक आढळणारं उगमस्थान म्हणजे शंखखंड, टेम्पोरल लोब. त्यातही त्याची आतली बाजू: स्मृतीचं काम करणारा हिप्पोकॅम्पस आणि भीतीचं ठाणं असलेला अमिग्डाला. हे दोन्ही कवटीच्या तळाशी, गालफडाच्या हाडाच्या मागे आत दडलेले. हिप्पोकॅम्पस स्वतःभोवती असा गुंडाळलेला आहे की त्याच्या पेशींचे विद्युतप्रवाह बरेचसे एकमेकांनाच खोडतात. अनगोळच्या आपल्या तरुणाची भीती, पोटातून वर चढणारी लहर, पुसलेली आठवण, ओठ चाटणं ही सगळी याच भागाची भाषा आहे. आणि हाच भाग दहा-वीसच्या खुणांना सर्वांत कमी दिसतो.

त्यामुळे अपस्मार नक्की असलेल्या माणसांतही पहिल्याच नेहमीच्या आलेखात स्पाइक सापडण्याचं प्रमाण जेमतेम निम्मं असतं. झोपेसह तीन-चार आलेख घेतले तर ते ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत जातं. उरलेल्यांना खराखुरा अपस्मार असूनही आलेख स्वच्छच येत राहतात.

नाकातून, गालातून

दडलेल्या जागेजवळ पोचायच्या वाटा डॉक्टरांनी १९३० च्या दशकापासून शोधल्या. अमेरिकेत रॉय ग्रिंकर यांनी १९३८ मध्ये नाकामागच्या पोकळीतून मेंदूच्या तळाची नोंद घेण्याचा मार्ग दाखवला. १९४९ मध्ये पॉल मॅक्लीन यांनी त्यासाठी सुधारलेला इलेक्ट्रोड मांडला: टोकाला चांदीची गोळी असलेली वाकवलेली बारीक सळई नाकपुडीतून आत सरकवायची आणि ती घशाच्या छताला टेकवायची. मनोरुग्णालयांत ही पद्धत अनेक वर्षं वापरली गेली. पण सळई टोचते, शिंक येते, आवंढा अडखळतो. श्वास, नाडी आणि गिळणं यांच्या खोट्या लहरी आलेखात उमटतात. मुख्य म्हणजे ज्यासाठी हे सोसायचं ती झोपच लागत नाही. आणि ज्याला आधीच 'माझ्या डोक्यात काहीतरी बसवलंय' असा भ्रम आहे, त्याच्या नाकात तार घालणं हे किती मोठं काम आहे, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी वाट गालातून. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्फेनॉइडल इलेक्ट्रोड आले. कानापुढे सुमारे अडीच सेंटिमीटरवर, गालाच्या कमानी हाडाखाली, जबड्याच्या खाचेतून सुई चार-पाच सेंटिमीटर आत घालतात. तिच्या पोटातली केसासारखी लवचिक तार कवटीच्या तळाशी ठेवून सुई काढून घेतात. तार काही दिवस आत राहू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधीच्या दीर्घ व्हिडिओ-इईजी तपासणीत तिचा उपयोग झाला.

त्यानंतर या क्षेत्रातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट कळली. संशोधकांनी नाकातले, गालातले आणि कातडीवरचे इलेक्ट्रोड एकाच वेळी लावून तुलना केली. नाकातल्या इलेक्ट्रोडने जे दिसलं त्यातलं बहुतेक सारं कानापुढच्या साध्या इलेक्ट्रोडवरही दिसलं. सुईचा फायदा थोडा जास्त भरला, पण नेहमीच्या तपासणीत एवढा त्रास द्यावा इतका नव्हता. डॅनियल सिल्व्हरमन यांनी १९६० मध्येच ही जागा सुचवली होती: कानाच्या भोकापासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ धरायची, कानाकडून एक तृतीयांश अंतर पुढे यायचं आणि तिथून एक सेंटिमीटर वर खूण करायची. तंत्रज्ञांच्या बोलीत हे टी-वन, टी-टू. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजी संघटनेने एक पाऊल पुढे टाकलं. डोक्यावरच्या एकोणीस जागांखाली दोन्ही बाजूंना तीन-तीन इलेक्ट्रोडची एक खालची रांग जोडावी आणि एकूण पंचवीस इलेक्ट्रोड हेच नेहमीचं मानक धरावं, अशी शिफारस तिने केली.

याचा आपल्या भागासाठी अर्थ सरळ आहे. यासाठी बंगळूर गाठायची गरज नाही, नवं यंत्रही लागत नाही. यंत्रात रिकामे चॅनल असतात, वाटीसारखे तेच इलेक्ट्रोड असतात. लागते ती टेपने मोजायची तयारी आणि कुठे लावायचं याची समज.

तपासणीच्या खोलीत

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहू. आदल्या दिवशी डोकं शांपूने धुवून यायचं आणि तेल अजिबात लावायचं नाही. आपल्याकडे तेलाशिवाय बाहेर पडायची सवय नसते, म्हणून हे दोनदा सांगावं लागतं. उपाशी यायचं नाही, चालू गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. आदल्या रात्री चार-पाच तासच झोपायचं, म्हणजे तपासणीत झोप लागते. लहान मुलांना गरज पडल्यास ट्रायक्लोफॉसचं गोड सिरप देतात.

तंत्रज्ञ टेप लावतो, पेन्सिलने खुणा करतो, प्रत्येक खुणेवरची कातडी खरखरीत जेलने हलकेच घासतो आणि घट्ट पेस्ट भरलेली चांदीची वाटी चिकटवतो. संपर्काचा विद्युत-अडथळा पाच किलोओमच्या आत आला की पुढची वाटी. कानापुढच्या दोन वाट्यांना अवघी काही मिनिटं जास्त लागतात. मग डोळे उघड-मिट, तीन मिनिटं खोल श्वास, झगमगता दिवा आणि शेवटी दिवे मालवून झोप. शंखखंडातल्या स्पाइक जागेपणी लपतात आणि डुलकीच्या पहिल्या टप्प्यांत डोकं वर काढतात. गिब्ज दांपत्याने १९४० च्या दशकातच झोपेतल्या आलेखावर भर दिला तो यामुळेच. वीस मिनिटांत, रुग्ण टक्क जागा असताना गुंडाळलेला आलेख मनोविकाराच्या रुग्णासाठी अर्धवटच म्हणायचा.

आलेख वाचतानाही एक फसगत होते. प्रत्येक रेघ म्हणजे दोन जागांमधला फरक असतो, आणि तुलनेसाठी पुष्कळदा कानाची पाळी घेतली जाते. पण शंखखंड पेटला की तीच विद्युत कानाच्या पाळीवरही पोचते. तुलनेची जागाच पेटलेली, म्हणून त्या बाजूच्या सगळ्या रेघांत उलटी स्पाइक उमटते आणि उगम भलतीकडेच वाटतो. अशा वेळी सगळ्या इलेक्ट्रोडची सरासरी किंवा शेजारच्या जोड्या धरून तोच आलेख पुन्हा पाहावा लागतो. डिजिटल यंत्रात हे एका क्लिकवर होतं.

दिसलं म्हणजे झालं, असं नाही

आता दुसरी बाजू. जास्त जागी इलेक्ट्रोड लावले की जास्त दिसतं, आणि दिसलेलं सगळं आजाराचं नसतं. १९५१ मध्ये गिब्ज दांपत्याने सेकंदाला चौदा आणि सहा या ठेक्याच्या स्पाइकचं वर्णन केलं. पुढे राग, पोटदुखी, बिघडलेली वागणूक यांचा संबंध त्यांच्याशी जोडला गेला आणि कित्येकांना अपस्माराची औषधं सुरू झाली. नंतर कळलं की डुलकी घेणाऱ्या अनेक निरोगी पोरांमध्ये त्या दिसतात. झोपेतल्या इवल्या स्पाइक आणि शंखखंडावरच्या कमानीसारख्या 'विकेट' लहरी यांचंही तेच. ब्रिटनच्या हवाई दलातल्या १३,६५८ निरोगी तरुणांच्या आलेखांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे अर्ध्या टक्क्यांत अपस्मारासारख्या लहरी होत्या आणि त्यांपैकी जवळपास कुणालाच पुढे अपस्मार झाला नाही. क्लोझापिनसारख्या मनोविकाराच्या औषधानेही आलेख बदलतो.

आणखी एक कोडं स्विस डॉक्टर हाइनरिख लांडोल्ट यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. काही रुग्णांत झटके थांबून आलेख सुधारतो, तेव्हाच भ्रम सुरू होतात. म्हणजे स्वच्छ आलेखही प्रत्येक वेळी सुटकेची खूण नसतो. शिवाय मनाच्या ताणातून येणारे, फिटसारखेच दिसणारे झटके असतात. तेही खरे असतात, ते नाटक नसतं. त्यांचे उपचार वेगळे. झटका सुरू असतानाच व्हिडिओ-इईजी घेतला तर बहुतेक वेळा उलगडा होतो. काही रुग्णांना दोन्ही प्रकारचे झटके येतात.

म्हणून इलेक्ट्रोड कितीही कुशलतेने लावले तरी निदान त्यांच्यावर सोडता येत नाही. निदान करते ती हकीकत. इलेक्ट्रोड कुठे लावायचा हेही तीच सांगते. बेळगावच्या दवाखान्यातलं असं संभाषण सहज कल्पता येतं:

"झटक्याच्या आधी काय होतंय, अक्का?"

"काय नाही बगा डॉक्टर. बसल्या जागी पोरगं एकदम भितंय. मग हाक मारली तरी बगत न्हाई."

"किती वेळ?"

"दोन मिंटं. तोंड चावल्यासारखं करतंय. मग विचारलं तर म्हणतंय, काय झालंच न्हाई."

"दर वेळी असंच?"

"व्हय, अगदी तसंच."

तीन प्रश्नांत तीन गोष्टी कळल्या: झटका दोन मिनिटांत संपतो, दर वेळी एकाच साच्याचा असतो आणि मधली आठवण जाते. पॅनिकची भीती सहसा दहा-वीस मिनिटं रेंगाळते आणि माणसाला ती लख्ख आठवते. एवढी हकीकत हाती असली की डॉक्टर चिठ्ठीवर नुसतं 'इईजी' लिहिणार नाहीत. झोपेसह, कानापुढच्या इलेक्ट्रोडसह, असं लिहितील. नाही लिहिलं तर घरच्यांनी विचारावं. तो त्यांचा हक्क आहे.

घरच्यांच्या हातात आज आणखी एक साधन आहे: मोबाईल. झटक्याच्या वेळी कांदा, चप्पल किंवा किल्ल्या शोधण्यात वेळ घालवू नये. माणसाला कुशीवर वळवून सुरक्षित ठेवावं आणि दुसऱ्या कुणीतरी चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं चित्रीकरण करावं. डोळे उघडे होते की मिटलेले, कोणता हात हलला, किती सेकंदांनी भान आलं, हे त्या चित्रीकरणातून कळतं. हातपायांची फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर मात्र चित्रीकरण सोडून थेट रुग्णालय गाठायचं.

एवढी धडपड कशासाठी? अपस्माराच्या दहांपैकी सुमारे सात रुग्णांचे झटके योग्य औषधांनी थांबतात. औषधांना न जुमानणाऱ्या शंखखंडाच्या अपस्मारावर शस्त्रक्रिया होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती १९९५ पासून होत आली आहे. झटके आटोक्यात आले की त्यांच्या पाठोपाठ येणारे भ्रमाचे आठवडेही बहुधा टळतात. मनोविकाराची औषधं मात्र कुणी आपल्या मनाने सोडू नयेत, कारण अपस्मारासोबत नैराश्यही अनेकांना असतं आणि त्यालाही उपचार लागतातच. लेथवर उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या बाबतीत तर निदान चुकणं म्हणजे फिरत्या यंत्रापुढे दोन मिनिटं भान हरपणं. तेव्हा फाईलमधल्या 'नॉर्मल' आलेखावर समाधान मानण्याआधी तीन गोष्टी विचारा: झोपेत घेतला होता का, कानापुढे इलेक्ट्रोड होते का, आणि लावण्याआधी घरच्यांची हकीकत कुणी ऐकली होती का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर तो आलेख पुन्हा काढावा.